दोन बोटं मागे

"काका, मागे जाताय," ताई म्हणाल्या, आणि एवढ्या तीन शब्दांनी त्याच्या गुरुवारचं मातेरं झालं. तसं पाहिलं तर वाक्य साधं होतं. व्यायामशाळेत सकाळी सातला वीसेक माणसं आपापल्या परीने घामाघूम होत असताना कुणीही कुणालाही काहीही म्हणतं. शिवाय ताई ओरडल्या नव्हत्या. त्या पलीकडच्या बाकावर बसून बुटाची नाडी ओवत होत्या. त्यांनी नुसती मान वर केली, त्याला बाजूने एकदा पाहिलं, तेवढं म्हणाल्या आणि पुन्हा नाडीत डोकं घातलं. पण त्याला ते शब्द झोंबले, कारण तेच शब्द गेली अठ्ठावीस वर्षं तो स्वतः रोज म्हणत आला होता. माणसांना नव्हे, भिंतींबद्दल. बांधकामाच्या कंपनीत तो तपासनीस होता. इमारतीतली एकही भिंत त्याने पाहिल्याशिवाय गिलाव्याला जात नसे. खिशातून ओळंबा काढायचा, दोरा भिंतीच्या डोक्यापाशी धरायचा, खालचं पितळी वजन डुलायचं थांबेपर्यंत निश्चल उभं राहायचं, आणि मग एक डोळा मिटून निकाल द्यायचा, "मागे गेलीय. दोन सूत." मुकादम कळवळायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे काहीच नाही साहेब, गिलाव्यात झाकून जाईल, नाहीतर गिलावा असतो कशाला. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "मला विचारू नकोस, दोऱ्याला विचार." मग भिंत पाडली जायची. साइटवर त्याला पाठीमागे 'दोनसूत' म्हणत, हे त्याला ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात ते त्याला पदवीसारखं वाटत असे.

"शक्य नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या जिभेवर कायम तयार असत, दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायचीही ते वाट पाहत नसत. ताईंनी नाडी सोडली आणि उठून जवळ आल्या. त्या त्याच्याहून फार तर आठ वर्षांनी लहान असतील. कानशिलं पांढरी झालेली, तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धांत मिळवलेल्या पदकांची एक काचपेटी दाराजवळ, आणि चाळिशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष हा काका, असा सरसकट न्याय. "सदरा बघा," तो म्हणाला. त्या सबंध हॉलमध्ये बटणांचा सदरा घालून व्यायाम करणारा तो एकटाच होता. "पुढचं टोक बघा, मागचं टोक बघा. एका पातळीत आहेत की नाही? माणूस मागे झुकला, तर सदरा पुढून वर चढेल. चढलाय का?" युक्तिवाद बिनतोड होता. ताईंनी खाली वाकून सदऱ्याची कड खरोखरच पाहिली, पुढून, मग मागून. मग म्हणाल्या, "सदरा बरोबर आहे काका. कंबर चुकतेय. बार ठेवा खाली आणि काठी घ्या."

काठी! तिथे त्याचं खरं पित्त खवळलं. पहिले तीन आठवडे त्याने काठीच उचलली होती, झाडूला असते तसली, निव्वळ लाकडाची, आणि शेजारी कॉलेजातल्या पोरी लोखंडाच्या थाळ्या खणखणवत असताना तो ती काठी गंभीर चेहऱ्याने डोक्यावर नेत होता आणि गंभीर चेहऱ्याने खाली आणत होता. "पाय खांद्यांच्या खाली. ढुंगण आवळा." हे पहिल्या दिवशी ऐकून त्याने इकडेतिकडे पाहिलं होतं, पण कुणाला त्यात काही वाटलेलं दिसलं नाही. "पोट असं घट्ट करा, की समोरचा आत्ता गुद्दा मारणार आहे. बरगड्या खाली. खाली काका, छाती काढू नका, फोटो नाही काढायचाय. आता काठी नाकासमोरून सरळ वर, डोकं जरासं मागे, काठी गेली की डोकं पुन्हा पुढे. आणि वर असताना बोलायचं नाही. पोटात धरलेला श्वास हाच तुमचा टेकू. तोंड उघडलंत की टेकू गेला, मग सगळा भार कंबरेवर." हे सगळं पार पाडून तो काठीवरून नुसत्या बारवर आला होता, बारवरून दोन-दोन किलोंच्या थाळ्यांवर. आज बार आणि थाळ्या मिळून बरोबर चौदा किलो झाले होते. आणि चौदा किलो हा काही उगाच आलेला आकडा नव्हता. शिलाईच्या मशीनचं वजन, खालच्या लाकडी पेटीसकट, चौदा किलो होतं. रविवारी सकाळी दहाला तो ते मशीन माळ्यावर ठेवणार होता, हे त्याने घरात जाहीर केलं होतं, वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला जिन्यात गाठून ऐकवलं होतं, आणि गुरुवारी त्याच्या हातात काठी आली होती.

दंतवैद्याला ऐकवणं भाग होतं. चार महिन्यांपूर्वीच्या त्या प्रसंगाला तोच एक साक्षीदार होता. मशीन तेव्हाही तो नेहमीसारखंच वर ठेवायला गेला होता. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळाच्या वर माळा होता, हात पुरते वर केले की त्याच्या कडेला तळवे टेकत, इतक्याच उंचीवर. सव्वीस वर्षं तो ते मशीन वर ठेवत आणि खाली काढत आला होता. त्या दिवशी ते डोक्याच्या वर गेलं, आणि कंबरेत, अगदी खाली, काहीतरी कटकन वाजलं. दुखलं ते नंतर. आधी नुसतं नवल वाटलं, की हा आवाज घरातल्या कुठल्या वस्तूचा असेल. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवे. बायकोने खालून मशीन धरलं. तिने हाक मारली. दंतवैद्य दात घासायच्या ब्रशसकट धावत आला आणि त्याने ते चौदा किलो एका हाताने, हो, एका हाताने, जेवणाच्या टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "वरच ठेवू का?" त्यावर हा जमिनीवर उताणा पडून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, ओरडला होता, "हात लावू नका! मी ठेवीन!" पडलो तरी नाक वर, म्हणतात ते हेच. मग आठ दिवस तो जमिनीवरच होता. बायको त्याच्या पायात मोजे चढवायची, आणि तो छताकडे बघत पडून असायचा. छताच्या कोपऱ्यात एक भेग होती. ती रोज पाहून त्याला तोंडपाठ झाली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितलं, की या वेळी वाचलात. पुन्हा असंच झालं तर तीन महिने पाठ टेकून पडाल, आणि नंतरही पूर्वीसारखं होईल याची हमी मी देणार नाही. डोक्यावर वजन न्यायचंच असेल तर ते कसं न्यायचं हे नीट शिका, नाहीतर नेऊच नका. या 'नाहीतर नेऊच नका'चा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. मशीनची जागा माळ्यावर होती. ती त्याने ठरवली होती, लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात, घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवली तेव्हा. वस्तू जागच्या जागी नसल्या की त्याला झोप लागत नसे. आणि आता चार महिने ते मशीन जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बसलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर ती दोघं कोपर आवरून जेवत होती. येताजाता त्याला वाटे, आपण अजून जमिनीवरच पडलेलो आहोत.

"भिंतीला पाठ लावा," ताई म्हणाल्या. त्याने लावली. टाचा, कुल्ले, खांदे, डोकं. ताईंनी त्याच्या कंबरेच्या मागे हात घातला. "नुसता पंजा गेला असता तर ठीक होतं. तुमच्या मागून माझी मूठ जाते काका. ही बघा. अजून वजन वर गेलेलंही नाही." मूठ आरपार जाऊन पलीकडून बाहेर आली आणि त्यांनी ती दोनदा उघडमीट करून दाखवली. आता इथे दुसरा कुणी असता तर शरमला असता, नाहीतर हसला तरी असता. याने काय केलं? त्याने कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीतून ओळंबा काढला. दोरा भिंतीच्या वरच्या कडेशी धरायला त्याला बाकावर चढावं लागलं. पितळी वजन डुललं, मंदावलं, थांबलं. एव्हाना वीसही माणसं थांबली होती. त्याने एक डोळा मिटला. "भिंत मागे गेलीय," तो बाकावरून म्हणाला, आणि त्या आवाजात काय समाधान होतं म्हणून सांगावं! "तीन सूत. मी सरळच आहे." ताईंनी वर पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग रविवारी कंबर धरून बसलात की भिंतीचं नाव सांगा डॉक्टरांना." हॉलमध्ये हशा पिकला. त्याने दोरा गुंडाळला, काठी घेतली, आणि अर्धा तास ती वरखाली केली, एक अक्षर न बोलता. श्वास रोखायचा असतो, हे कारण त्याला आयतंच मिळालं होतं.

घरी जाताना तो रस्त्याच्या कडेने नेहमीसारखाच चालत होता, म्हणजे छाती काढून. छाती काढल्याशिवाय चालताच येत नसे त्याला. ते त्याच्या हाडात होतं, आणि ते वडिलांनी तिथे घातलं होतं. वडील शाळेत कवायतीचे मास्तर. शाळेतली कवायत सुटली की घरातली सुरू व्हायची. 'छाती पुढे, मान वर, लोंबू नकोस.' दाराशी, ताटावर, आजारपणात गादीवरसुद्धा. आईच्या अंत्ययात्रेच्या दिवशी तो नऊ वर्षांचा होता आणि कोपऱ्यात मुटकुळं करून रडत बसला होता, तेव्हाही वडील त्याच्याजवळ आले, बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि शेवटी त्यांना एवढंच सुचलं, "छाती पुढे घे बाळा." त्याने घेतली. त्यानंतर ती कधी मागे गेली नाही. वडिलांवर त्याचा राग नव्हता. उलट, इतर मुलांच्या वडिलांनी त्यांना घड्याळं दिली, सायकली दिल्या, आपल्याला ताठपणा दिला, असं तो अभिमानाने सांगे. शेवटची दोन वर्षं वडील कंबरेला रुंद पट्टा बांधून पलंगावर पडून असत. 'कंबर का धरते कुणास ठाऊक,' ते म्हणायचे, 'आयुष्यभर तर ताठ उभा राहिलो.' त्यांचं अंग पुसताना तो त्यांच्या पाठीखाली हात घालायचा. मुद्दाम उचलावं लागत नसे त्यांना. कंबर आणि गादी यांच्यामध्ये हात सहज जायचा, टॉवेलासकट. इतकी वर्षं त्याला ते सोयीचं वाटलं होतं, बस. आता भर रस्त्यात, दुकानांच्या पाट्या वाचत असताना, त्याला ताईंची मूठ आठवली, पलीकडून बाहेर येऊन उघडमीट करणारी. तो थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला. "शक्य नाही," तो त्या माणसाला म्हणाला, आणि तो माणूस माफी मागून निघून गेला.

घरात मशीन चालू होतं. हल्ली ते चालूच असे. चार महिन्यांत बायकोने काय काय शिवलं होतं याची गणती नव्हती. खिडक्यांना पडदे आले, उशांना अभ्रे आले, अभ्र्यांवर अभ्रे आले, पाण्याच्या बाटलीला अंगरखा आला. त्याच्या घरच्या सरावाच्या काठीलासुद्धा तिने निळ्या कापडाची पिशवी शिवली होती, वर नाडी घालून. समोरच्या इमारतीतल्या दोघी-तिघी कापडं घेऊन यायच्या आणि तासन्‌तास टेबलाशी बसायच्या. आणि ती मशीन चालवताना गुणगुणायची. ती गुणगुणते हे त्याला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. बिचारी, त्याच्या मनात येई, एवढ्या अडचणीतही कशी वेळ मारून नेते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी एक शिस्त होती. तिला शिवायचं असलं की ती म्हणायची, "मशीन काढून देता का?" आणि तो म्हणायचा, "रविवारी." फाटकं-तुटकं ती एका पिशवीत साठवायची. मग एखाद्या रविवारी मशीन खाली यायचं, ती दिवसभर मान मोडून शिवायची, त्याचे सदरे, उशा, सगळं एका दमात, आणि संध्याकाळी मशीन परत वर. त्याचे सदरे कायम तिनेच शिवले. विकतचा सदरा त्याच्या अंगाला लागला नव्हता. "रविवारपर्यंत कळ काढ," तो आता तिला म्हणाला. "रविवारी टेबल मोकळं करून देतो तुला." ती शिवणीवरून मान न उचलता म्हणाली, "मला काही घाई नाही हो." तिच्या या सोशिकपणाने त्याला भरून आलं. त्याने पिशवीतून काठी काढली आणि बोळाच्या तोंडाशी उभं राहून सराव सुरू केला. पाय. ढुंगण. पोट. काठी वर. "मागे जाताय," ती म्हणाली. आता हिलाही! "तू तुझं शिव," तो म्हणाला, आणि श्वास सुटला.

रविवारी दहाला त्याने टेबलावरचे दोरे-कात्र्या बाजूला केल्या, मशीनवर झाकण लावलं, कड्या घातल्या. अंगात त्याने पांढरा सदरा घातला होता, सणासुदीला घालतात तसा. माळा झाडून ठेवलेला होता. बोळाच्या चौकटीला त्याने ओळंबा टांगला, म्हणजे नजरेला एक खरी रेघ समोर राहील. बायको टेबलाच्या बाजूला खुर्चीवर बसली होती, हातात एक अर्धवट टीप मारलेलं कापड घेऊन. तिचा चेहरा उतरला होता. माझी काळजी वाटतेय तिला, तो मनाशी म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्यालाही स्वतःची काळजी वाटत होती. तीन महिने छताकडे बघायचं, ती भेग, ते मोजे. त्याने मशीन टेबलावरून छातीपाशी घेतलं. श्वास भरला. आणि ते कपाळापर्यंत जातं न जातं तोच ती म्हणाली, "मागे जाताय."

त्याने मशीन पुन्हा टेबलावर ठेवलं. तेवढी अक्कल त्याला आली होती. "शक्य नाही," तो म्हणाला. "सदरा बघ. पुढून-मागून सारखा आहे की नाही? मला नको विचारूस. सदऱ्याला विचार."

"सदऱ्याला काय विचारायचं," ती म्हणाली. "मीच शिवलाय तो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या सदऱ्याची पुढची बाजू मी दोन बोटं लांब कापते. नाहीतर ती वर चढते."

त्याला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो कपाटाकडे गेला. त्याने हँगरवरचे सगळे सदरे काढले, पलंगावर पालथे घातले, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि एकेक मोजायला लागला. निळा. दोन बोटं. चौकड्यांचा. दोन बोटं. कॉलर विरलेला, साइटवर वापरायचा, दोन बोटं. अकरा सदरे होते आणि अकराही गुन्हेगार निघाले. दोन बोटं म्हणजे बारा सूत! दोन सुतांसाठी त्याने भिंती पाडल्या होत्या. ती दारात येऊन उभी राहिली. "कधीपासून?" त्याने विचारलं. "पहिला सोडून सगळे," ती म्हणाली. "पहिला सारखा कापला होता. तुम्ही तो घालून आरशासमोर उभे राहिलात आणि पुढून वर चढला. मी म्हटलं, तुम्ही जरा मागे झुकता. तुम्ही म्हणालात, शक्य नाही, तुझी कापणी चुकलीय. मग मी कापणी बदलली." तिने हे असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की पाणी कडू लागलं म्हणून माठ बदलला. तो पलंगाच्या कडेवर बसला, सदऱ्यांच्या ढिगात. त्याला तो पहिला सदरा आठवेना. बोललेले शब्दही आठवेनात, पण ते आपलेच होते यात संशय नव्हता. सव्वीस वर्षं ही बाई गिलावा करत आली होती, आणि तो त्या गिलाव्यावर हात फिरवून जगाला सांगत होता, बघा, भिंत कशी सरळ आहे. त्याला लाज वाटली. कानापर्यंत, पोरासारखी लाज वाटली. आणि त्या लाजेतच, मधूनच कुठूनतरी, हसू आलं. सबंध हॉलसमोर बाकावर चढून मोजलेली ती भिंत आठवली. तो हसला तशी कंबर थोडी दुखली.

मग तो उठला. टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने मशीनवर हात ठेवले. "तू अशी बाजूला उभी राहा," तो म्हणाला. "समोरून नाही दिसत. आणि मागे गेलो की सांग, किती ते."

"किती ते?"

"हो. किती."

ती खुर्ची सरकवून उभी राहिली, त्याच्या उजव्या बाजूला, तीन पावलांवर, आणि डोळे बारीक केले. पडद्याची कड एकसारखी पडते का पाहताना करायची तसे. त्याने पाय खांद्यांच्या खाली आणले. ढुंगण आवळलं. पोट घट्ट केलं. "किती?" "दीड बोट." त्याने बरगड्या खाली घेतल्या. हे सगळ्यांत अवघड होतं. वजनाने नव्हे, छाती मागे घेताना त्याला आतून कुणीतरी बघतंय असं वाटलं, पांढऱ्या हाफपँटमधला, शिट्टी गळ्यात अडकवलेला, आणि त्याने मनात त्यांची माफी मागितली. "किती?" "अर्धं." अजून थोडं. उभ्या जन्मात तो इतका लोंबला नव्हता, असं त्याला वाटत होतं. "आता सरळ," ती म्हणाली. त्याने श्वास भरला, पोटात धरला, आणि मशीन उचललं. छाती. हनुवटी. नाकासमोरून सरळ वर, डोकं जरासं मागे, मशीन गेलं की डोकं पुन्हा पुढे. कोपरं सरळ झाली. आणि चौदा किलो त्याच्या डोक्यावर उभे राहिले, आणि कंबरेला काहीही झालं नाही. समोर ओळंब्याचा दोरा होता, स्तब्ध. माळ्याची कड एका वितीवर होती. एक पाऊल, की मशीन जागच्या जागी.

"ते वर नको," बायको म्हणाली.

त्याने डोळे तिच्याकडे फिरवले. मान फिरवायची नसते.

"बोलू नका, श्वास सुटेल," ती घाईने म्हणाली. "मीच सांगते, लवकर सांगते. मला ते वर नकोय. कधीच नको होतं. मला रोज थोडं थोडं शिवायला आवडतं. रविवारची वाट बघून, पिशवी भरून, मान मोडून नाही. मी सांगितलं होतं, चारदा तरी, तुम्ही शक्य नाही म्हणालात. मग मी सोडून दिलं. तुमची कंबर गेली तेव्हा मला रडू आलं आणि दुसऱ्या दिवशी मी मशीन उघडलं तेव्हा बरं वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी होतं म्हणून मला फार अपराधी वाटलं. चार महिने झाले, मी हे सांगायचं सांगायचं म्हणतेय. बस, एवढंच." ती थांबली. तिचा स्वतःचाच श्वास गेला होता. तिला जरा नवलही वाटलेलं दिसलं. आपलं बोलणं कुणी मध्ये न तोडता पुरं झालं, ते कुठे आणि कसं, हे पाहायला तिने आजूबाजूला नजर टाकली.

तो सरळ उभा होता. त्याच्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यांत सरळ मिनिट होतं. अभ्रे आठवले. गुणगुणणं आठवलं. 'मला काही घाई नाही हो' आठवलं, आणि आपण त्याचा केलेला अर्थ आठवून त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. शिकवल्याप्रमाणे त्याने मशीन आलं त्याच वाटेने खाली आणलं, नाकासमोरून, हनुवटी, छाती, आणि छातीशी धरूनच श्वास सोडला. तोंड उघडलं. जिभेवर ते दोन शब्द नेहमीसारखे येऊन उभे होतेच, जित्याची खोड. त्याने ते गिळले.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"खिडकीपाशी," ती म्हणाली, इतक्या पटकन, की ती जागा तिने फार पूर्वीच हेरून ठेवलेली असावी. "त्या छोट्या टेबलावर. उजेड येतो तिथे."

त्याने मशीन खिडकीपाशी नेऊन ठेवलं. ठेवतानाही पोट घट्ट, गुडघे वाकवून. छोटं टेबल त्या बाजूला किंचित कललेलं होतं हे त्याला लगेच दिसलं, आणि त्याने काही म्हटलं नाही. तो वळला तर ती तिथेच उभी राहून त्याच्याकडे बघत होती, बाजूने, तसेच डोळे बारीक करून.

"आता काय?" तो म्हणाला. "परत मागे गेलो?"

"नाही. सरळच उभे आहात." तिने पुढे होऊन त्याच्या सदऱ्याची कड चिमटीत धरली. "पण सदरा पुढून लोंबतोय, बघा. दोन बोटं. काढा, आखूड करून देते."

"आत्ता?"

"मशीन खालीच आहे की," ती म्हणाली, आणि तो बटणं काढायला लागला.